परब्रह्म ‘आले’ की ‘आला’? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्यामुळे नुसते आभार मानून सुटका करून घेता येत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वारकऱ्यांवरच्या लेखातलं ‘सगळे हिंदू शेवटी एकच परब्रह्म मानतात’ हे माझं वाक्य म्हणजे मिशनऱ्यांच्या टीकेला तोंड देताना एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांनी काढलेली पळवाट. तुमच्या आजीला शिवेवरचा म्हसोबा ठाऊक होता, ब्रह्म नाही.

‘सगळे’ हा शब्द चुकलाच. आपल्याकडच्या जुन्या दर्शनांपैकी सांख्यांचं जग ईश्वरावाचून चालतं, वेदातल्या यज्ञकर्माचा विचार करणाऱ्या पूर्वमीमांसकांना यज्ञाचं फळ द्यायला देव लागत नाही. उपनिषदांतलं ब्रह्म मानणाऱ्या वेदान्त्यांत तरी एकमत कुठे? शंकराचार्यांचं ब्रह्म निर्गुण. रामानुजाचार्य म्हणतात, निर्गुण म्हणजे वाईट गुण नसलेलं. चांगल्या गुणांना तिथे तोटा नाही, आणि ते म्हणजे साक्षात नारायण. मध्वाचार्यांच्या मते तर जीव आणि ईश्वर कधी एक होतच नाहीत. ब्रह्मसूत्रं तीच, भाष्यं तीन.

ही सुधारकांची पळवाट, हे मात्र मला पटत नाही. राममोहन रॉय यांची ब्राह्मसभा १८२८ची, मुंबईतला प्रार्थना समाज १८६७चा. बृहदारण्यक उपनिषद इसवी सनाच्या कित्येक शतकं आधीचं. त्यात शाकल्य नावाचा पंडित याज्ञवल्क्य ऋषीला विचारतो, देव किती? उत्तर येतं, ३०३ आणि ३,००३. बरं, पण देव किती? ३३. पुन्हा तोच प्रश्न. सहा. मग तीन, मग दोन, मग दीड (हो, दीड!) आणि शेवटी एक. हा एक कोण? प्राण. त्यालाच ब्रह्म म्हणतात, ‘ते’ म्हणतात. आणि सुरुवातीच्या हजारोंचं काय? ते खोटे, असं याज्ञवल्क्य म्हणत नाही. ते या ३३ देवांचेच महिमे, असं म्हणतो. सुधारकांच्या एका देवाने मूर्ती बाजूला सारल्या. याज्ञवल्क्याचा ‘एक’ कुणालाच घराबाहेर काढत नाही. दोन्ही ‘एक’ सारखे नव्हेत.

आता आजी. माझी आजीही उपनिषदं वाचणारी नव्हती. पण गणपतीत विठोबाची आरती तिला तोंडपाठ होती, तुमच्या घरीही होत असेल. पहिल्या ओळीत विठोबा विटेवर ‘उभा’ आहे, पुल्लिंगी, शेजारी रखुमाई. एक ओळ सोडून पुढे ‘पुंडलिकाचे भेटी परब्रह्म आले गा’. आला नाही, आले. नपुंसकलिंगी. टाळ वाजत असतात, कापराचा धूर डोळ्यांत जात असतो, आणि दोन ओळींच्या अंतरात ‘तो’चं ‘ते’ होतं. कुणी अडखळत नाही. खाणावळीच्या गल्ल्यामागे ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ची पाटी असते, तिथेही कुणी अडखळत नाही.

शब्द तोंडी असला म्हणजे विचार पटलेला असतो असं नाही, हे तुम्ही लगेच म्हणाल. कबूल. पण त्या ओळीत काय नाही तेही बघा. विठोबा ही परब्रह्माकडे जायची शिडी, असं ती म्हणत नाही. परब्रह्मच चालत आलं आणि विटेवर थांबलं, असं म्हणते. ज्ञानेश्वरांनी ‘तुज सगुण म्हणों की निर्गुण रे’ असं विचारून ‘सगुण निर्गुण एकु गोविंदु रे’ म्हणत वाद तिथेच मिटवला.

आणि खरी चूक मला इथे सापडली, तुम्ही ती दाखवली नव्हती. मूळ लेखात मी ‘मूर्ती ही पहिली पायरी’ असं लिहून गेलो होतो. आजीला पायरीवर बसवून मी स्वतः माडीवर जाऊन बसलो. हे वाक्य शंकराचार्यांच्या अद्वैताच्या एका बाजूने समर्थनीय ठरेलही, पण वारकऱ्यांचं नाही, आणि मी तर वारकऱ्यांवरच लिहीत होतो.

ते वाक्य आणि ‘सगळे’, दोन्हींवर आज काट मारली आहे. पुसून टाकलेलं नाही, नाहीतर तुमच्या प्रतिक्रियेचा संदर्भ लागणार नाही. म्हसोबाबद्दल मात्र तुम्ही एकच ओळ लिहिलीत. त्याला शेंदूर कोण लावतं, नैवेद्य गोडा की तिखट, आजी त्याच्याशी काय बोलायची, हे जरा सांगा ना.