खड्ड्यांसाठी मोठी अलॉय? उलट करा

गणपती जवळ आले की एक मेसेज ग्रुपवर फिरू लागतो. कोकणात जायचंय तर चाकांच्या स्टीलच्या डिस्क काढा, एक-दोन इंच मोठी अलॉय, म्हणजे मिश्रधातूची चाकं, बसवा, हवा चार-पाच पॉइंट कमी ठेवा, तडा गेलाच तर वेल्डिंग होतं, असा त्याचा मथितार्थ. मुंबई-गोवा महामार्गावर पळस्पे ते इंदापूर या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि तेव्हापासून चाकरमानी पावसाळ्यात खड्डे सोसत आलेत. अशा रस्त्यावर, घरची माणसं गाडीत असताना, हा सल्ला घातक आहे.

स्टील वाकतं म्हणून ते कच्चं, हा पहिला दावा. वाकतं, म्हणूनच ते हवं. कड दुमडली तर बहुतेक वेळा हवा हळूहळू उतरते आणि वाटेतला टायरवालाही ती ठोकून पुढच्या गावापर्यंतची सोय करून देतो. बाजारातली बहुतेक अलॉय ओतीव अ‍ॅल्युमिनियमची असतात. मार एका मर्यादेपलीकडे गेला की ती तडकतात, आणि तडा आतल्या कडेला असेल तर बाहेरून कळतही नाही. फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेली, अलॉय खरंच दणकट असतात, पण मेसेज पाठवणारे त्यांच्याबद्दल बोलत नसतात. ती फार महाग पडतात.

मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, हा दुसरा दावा. टायरसकट व्यास वाढला तर हे थोडंफार खरं. पण रिम, म्हणजे टायरच्या आतलं धातूचं चाक, मोठी करताना बाहेरचा व्यास तेवढाच ठेवावा लागतो, नाहीतर स्पीडोमीटर चुकतो आणि टायर घासू शकतो. मग कमी काय होतं? टायरच्या बाजूची उंची. १८५/६५ आर १५ (रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १५ इंची) टायरची बाजू सुमारे १२० मिलिमीटर उंच असते. त्याच व्यासाच्या १९५/५५ आर १६ मध्ये ती १०७ वर येते, २०५/४५ आर १७ मध्ये ९२ वर. रिम आणि खड्ड्याची धार यांच्यामध्ये असतं ते एवढंच रबर आणि त्यातली हवा. तेच कमी करायला पैसे मोजायचे?

हवा कमी, धक्का कमी, हा तिसरा दावा. सीटवर बसलेल्याला तसं वाटतं खरं. टायर मात्र रिम आणि धारेमध्ये चिमटला जातो, आतले दोरे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. असा टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी बहुधा जास्त आकडा दिलेला असतो. सामानासकट पाच जण निघणार असाल तर तोच पाळा, आणि हवा सकाळी टायर थंड असतानाच तपासा.

वेल्डिंग. नको. उष्णतेने जोडाच्या आजूबाजूची धातू मऊ पडते.

कंपनीची अलॉय असतील तर ती काढून टाका असं मी म्हणत नाही. नवीन चाकं घेणारच असाल, तर तुमच्याच मॉडेलच्या खालच्या व्हेरिअंटची लहान स्टील डिस्क तुमच्या ब्रेकवर बसते का, हे आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. बसत असेल तर तीच घ्या, उंच बाजूच्या टायरसकट.