६५० रुपयांच्या पाइपला २,८०० मजुरी का? तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची तक्रार अशी आहे: जुनी टाटा १६१३ ट्रक भर दुपारी कसारा घाट चढताना बंद पडायची, अर्ध्या तासाने आपोआप चालू व्हायची. आमच्याकडे गाडी अडकली, शेवटी बदलला तो ६५० रुपयांचा डिझेल पाइप, आणि मजुरी लावली २,८००. आधीचे मिस्त्री रेडिएटर किंवा मोठा पंप (इंजिनात दाबाने डिझेल सोडणारा) खराब आहे असं सांगत होते, ते आम्ही केलं नाही, हेही तुम्ही लिहिलंय.

पाइप बसवायला फार वेळ लागत नाही. मजुरी दोष शोधायची आहे, आणि हा दोष थंड गाडीत दिसतच नाही. म्हणून आम्ही भरलेली गाडी मागितली आणि दुपारीच घाटात नेली.

रेडिएटरचा विषय पहिल्याच चढाला संपला. गाडी बंद पडली तेव्हा टेंपरेचरचा काटा ८५ वर होता, पाणी जागेवर होतं, सेल्फ मारल्यावर इंजिन मोकळं फिरत होतं. गरम होऊन जाम होणारं इंजिन असं वागत नाही. या गाडीला इंजिन बंद करायची हाताची केबल आहे, सोलेनॉइड (विजेवर डिझेल बंद करणारा स्विच) नाही, म्हणजे वायरिंगचाही संबंध नाही. उरलं डिझेल.

तिथेच फीड पंपाचा, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाचा, प्रायमर (हाताने डिझेल ओढायची दांडी) ओढून पाहिला. दांडी वर ओढली की हातातून खाली खेचली जात होती. गाडी एअर घेत असती तर दांडी ढिली चालली असती आणि फिल्टरच्या ब्लीड स्क्रूतून (हवा काढायचा स्क्रू) बुडबुडे आले असते. खेचली जाते म्हणजे टाकीकडून डिझेल येताना वाट बंद होतेय. टाकीचं झाकण उघडलं तर हवा आत ओढल्याचा आवाज नाही, झाकणाचं भोक मोकळं. टाकीतली डिझेल गाळायची जाळीही साफ निघाली.

पुढची चाचणी सगळ्यात महत्त्वाची. २० लिटरचा कॅन टाकीच्याच उंचीवर बांधला आणि त्यातून वेगळा पाइप थेट फीड पंपाला जोडला. उरलेलं डिझेल परत आणणारा रिटर्नचा पाइपही त्याच कॅनमध्ये सोडला. कॅन केबिनवर ठेवला असता तर डिझेल वरून आपोआप उतरलं असतं आणि कमजोर फीड पंपही चांगला वाटला असता. रिटर्नमुळे कॅनमधलं डिझेल टाकीपेक्षा जास्त तापलं, तरी गाडी पूर्ण घाट भरलेली चढली. म्हणजे फीड पंप आणि मोठा पंप दोन्ही ठीक. मोठा पंप खोलून एलिमेंट (आतले दट्टे) बदलले असते तर बिल कितीतरी पटीने वाढलं असतं आणि गाडी पुन्हा त्याच वळणावर थांबली असती.

मग टाकी ते फीड पंप हा पाइप उभा चिरला. बाहेरून नवा दिसणारा, आतला थर मात्र सुटून फुगलेला. तो डिझेलचा पाइप नव्हताच, पाण्याचा होता, आणि सायलेन्सरला जवळजवळ चिकटून नेलेला. तापला की मऊ पडायचा, फीड पंप ओढायचा, आतला थर मिटायचा. थंड झाला की वाट परत मोकळी.

आता जाळीदार अस्तराचा डिझेल पाइप टाकलाय, सायलेन्सरपासून वीतभर लांब, क्लिपांवर. बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडायचे पोकळ बोल्ट) वायसर नवे आहेत. चिरलेला पाइप ठेवलाय, येऊन बघा.

एक कळकळीची विनंती. तुमचे ड्रायव्हर इंजिनाच्या मोठ्या पंपावर गार पाणी ओततात, ते थांबवा. तापलेल्या पंपावर पाणी पडलं की एलिमेंट जाम होऊ शकतात, आणि तो खर्च खरोखर मोठा आहे. गाडी पुन्हा थांबलीच, तर आधी टेंपरेचरचा काटा बघायला सांगा, मग प्रायमर ओढून दांडी ढिली आहे की खेचली जातेय ते फोनवर कळवायला सांगा. नव्या पाइपच्या क्लिपा एकदा आवळाव्या लागतात, पुढच्या फेरीला गाडी लावा, त्याचे पैसे नाहीत.