सौजन्य : इंटरनेट

आपल्या कथासंग्रहाचे मुखपृष्ठ, नाटकाचे पोस्टर किंवा संमेलनाची निमंत्रणपत्रिका उद्या सकाळी छपाईला जायची आहे आणि चित्राचा अजून पत्ता नाही, अशी वेळ आली तर मुळीच घाबरू नये. कागदाचे पैसे द्यावे लागतात, छपाईचे द्यावे लागतात, बांधणीचे तर आगाऊ द्यावे लागतात. चित्र मात्र आपोआप उगवते. ते कसे खुडावे याचे शास्त्र मला नुकतेच एका प्रकाशन संस्थेने शिकवले. सुईत दोरा ओवणाऱ्या वृद्ध हातांचे मी टिपलेले छायाचित्र त्यांच्या नव्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर पाहण्याचे भाग्य मला लाभले. विद्या दिल्याने वाढते, म्हणून ती आपल्याला देत आहे.

शोधयंत्रात विषय टाकावा आणि पहिले बरे दिसेल ते चित्र उतरवून घ्यावे. वापराच्या हक्कांनुसार चित्रे गाळून दाखवण्याची सोय तिथेच असते, पण तिला हात लावू नये. ती वापरली तर परवानगी असलेलीच चित्रे दिसू लागतात आणि पुढचे सारे कौशल्य वाया जाते.

चित्राखाली हक्काची (कॉपीराइटची) सूचना नसेल तर ते बेवारस समजावे. नोंदणी किंवा सूचना यांसारख्या कोणत्याही औपचारिकतेवाचून निर्मात्याला हक्क मिळतो, हे कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या १९०८ सालच्या बर्लिन दुरुस्तीत ठरले असले, तरी इतकी ताजी बातमी आपल्यापर्यंत पोहोचली नसेल तर आपला काय दोष?

कोपऱ्यात सही असेल तर तिच्यावर आपला लोगो बसवावा. माझ्या छायाचित्रात ही कामगिरी इतक्या सफाईने झाली आहे की सोनेरी गोलाखाली सहीबरोबर अंगठाही गेला आणि आता ती सुई नेमकी कुणी धरली आहे, हे कळायला मार्ग नाही.

यानंतर येते ती या शास्त्रातली सर्वश्रेष्ठ युक्ती. आतल्या पानावर, बारीक अक्षरांत, 'मुखपृष्ठ छायाचित्र सौजन्य : इंटरनेट' असे छापावे. या एका ओळीने चोरीचे रूपांतर कृतज्ञतेत होते. मी फोन केला तेव्हा पलीकडचे गृहस्थ मनापासून दुखावले गेले. "अहो, गूगलवर होतं ते. आणि आम्ही खाली सौजन्य लिहिलंय की!" कुणाचे सौजन्य? प्रकाश खिडकीतून नेमका त्या बोटांवर यावा म्हणून इंटरनेट ताटकळत बसले होते का? त्या आजींशी गप्पा मारून, छायाचित्र प्रसिद्ध करू का, असे इंटरनेटने त्यांना विचारले होते का? चित्र जिथून उचलले त्या पानावर माझे नाव चित्राच्या थेट खाली होते, फाइलच्या आतील माहितीत होते आणि सहीत तर होतेच. म्हणजे नाव सापडले नाही असे झालेले नाही, नाव तीन ठिकाणी वगळावे लागले. आणि समजा, माझे नाव ठळक अक्षरांत छापले असते, तरी श्रेय देणे ही एक गोष्ट आणि परवानगी घेणे ही दुसरी. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून उपलब्ध आहेत आणि त्यांत निर्माते आपण होऊन परवानगी देऊन ठेवतात. पण तिथेही नाव देण्याची अट असते, शिवाय कुणी व्यापारी वापर नको म्हणतो, कुणी चित्रात बदल करू नका म्हणतो. त्या अटी चार ओळींत मावतात, पण तेवढेही वाचायला वेळ कुणाला आहे?

'तुमचीच प्रसिद्धी होतेय' हे वाक्य नाव न छापताही म्हणता येते.

चित्रात तीस टक्के बदल केला की ते आपले होते, असा एक नियम सर्वांना ठाऊक आहे, फक्त तो कोणत्या कायद्यात आहे हे कुणी सांगत नाही. अमेरिकन कलाकार जेफ कून्स यांनी छायाचित्रकार आर्ट रॉजर्स यांच्या, कार्डावर छापलेल्या कृष्णधवल छायाचित्रावरून रंगीत लाकडी शिल्प करून घेतले आणि कारागिरांकडे ते कार्ड पाठवताना त्यावरची हक्काची सूचना फाडून टाकली होती. १९९२ साली अमेरिकेतील अपील न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. माझ्या छायाचित्राला मात्र फक्त तपकिरी छटा दिली आहे, तेव्हा काळजी नसावी.

समाजमाध्यमावर टाकलेले चित्र सर्वांचे असते. हैतीच्या २०१० सालच्या भूकंपाची छायाचित्रकार डॅनियल मोरेल यांनी ट्विटरवर टाकलेली छायाचित्रे एएफपी ही वृत्तसंस्था आणि गेटी ही छायाचित्रे विकणारी संस्था यांनी अशीच पसरवली आणि २०१३ साली न्यूयॉर्कमधील ज्यूरीने त्यांना १२ लाख डॉलरची भरपाई द्यायला लावली; पण त्या मोठ्या संस्था, आपण पडलो साहित्यसेवक.

लोगोंचा तर सढळ हाताने वापर करावा. पोस्टरच्या तळाशी नामांकित कंपन्यांच्या लोगोंची एक रांग असली की कार्यक्रमाला वजन येते. ज्यांनी देणगी नाकारली त्यांचेही लोगो घ्यावेत. कथेतल्या पात्राने एखाद्या कंपनीचे नाव उच्चारणे आणि त्या कंपनीचा यात सहभाग आहे असे लोकांना वाटेल अशा जागी तिचा लोगो छापणे, यांत व्यापारचिन्हाचा कायदा फरक करतो. आपण करू नये.

आणि इतके सगळे साधल्यावर, ज्या पानावर इंटरनेटचे आभार मानले त्याच पानावर, त्याच्या चार ओळी वर, हे छापावे : 'या पुस्तकातील कोणताही मजकूर प्रकाशकाच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय वापरता येणार नाही.'

हे मी रचलेले नाही. ते पान माझ्यासमोर उघडे आहे. म्हणजे लेखी पूर्वपरवानगी ही काय चीज असते, हे तुम्हाला नीट कळते. स्वतःच्या मालाला कुलूप लावताना कळते आणि दुसऱ्याच्या घरात शिरताना कळत नाही. याला अज्ञान म्हणून माफी मागू नका. हा निर्लज्जपणा आहे. विचारले असते तर मी कदाचित एक पैसाही न घेता छायाचित्र दिले असते, पण फुकट द्यायचे की नाही हे मी ठरवायचे होते, तुम्ही नव्हे. कोणते चित्र, कशासाठी, किती प्रती, मानधन किती, नाव कुठे येईल, एवढे विचारणारे पत्र लिहायला पाच ओळी पुरतात. उत्तर आले नाही तर तो होकार नसतो. दुसरे चित्र शोधा. आणि चित्राला पैसे नसतील, पत्र लिहायचा कंटाळा असेल, तर मुखपृष्ठावर नुसते पुस्तकाचे नाव छापा.