तिथे शून्य लिहा

क्रिप्टोत मला चार हजार रुपये तोटा झाला. घरात मी हे कुणाला बोललो नव्हतो. आयकर खात्याला मात्र कधी एकदा सांगतो असं झालं होतं, कारण बुडालेल्या माणसाकडे कर कोण मागणार?

सुरुवात मेहुण्यापासून झाली. डिसेंबर २०२४मध्ये बिटकॉइन एक लाख डॉलरच्या वर गेला, त्याच आठवड्यात तो जेवायला आला. पुरणपोळीवर तूप ओतून घेत म्हणाला, "दाजी, तुम्ही अजून एफडीतच?" एवढ्याने माझ्यातला गुंतवणूकदार जागा झाला. बिटकॉइन आवाक्याबाहेर वाटला म्हणून मी चाळीस हजारांत बारकी नाणी घेतली. एकावर कुत्र्याचं चित्र होतं. मार्चअखेरपर्यंत मी तेच पैसे इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरवत होतो. बाथरूममध्ये मोबाइल घेऊन जायला लागलो तेव्हा बायकोला वेगळाच संशय आला.

२०२५ साली विवरणपत्राची मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली आणि माझ्यासारख्यांनी ती गणपतीत ढकलली. विसर्जन झाल्यावर सीएंकडे गेलो. टेबलावर फायलींचे गठ्ठे, त्यावर ताटलीत सुकलेले दोन पेढे. त्यांनी माझा एआयएस, म्हणजे खात्याकडची माझ्या व्यवहारांची यादी, उघडला आणि चष्मा वर केला.

"चार लाख वीस हजारांची विक्री? अहो, पगार सोडून हे काय उद्योग?"

"नाही हो, तेच चाळीस हजार. पुन्हा पुन्हा विकले."

"खात्याला ते कसं कळणार? प्रत्येक विक्रीवर एक टक्का टीडीएस कापलाय. ४,२०० रुपये."

हा एक टक्का १ जुलै २०२२पासून कापतात, आणि तो नफ्यावर नसतो, विक्रीच्या पूर्ण रकमेवर असतो. नाणं तोट्यात विकलं तरी कापतात. माझं भांडवल का आटतंय याचा शोध मी तीन महिने आलेखात घेत होतो, ते इथे जमा होत होतं.

"पण एकूण तोटाच आहे ना?" मी घरून करून आणलेला कागद पुढे सरकवला. काही नाण्यांत १८ हजार नफा, काहींत २२ हजार तोटा. खाली लाल पेनाने उणे चार हजार, दोनदा अधोरेखित.

सीएंनी कागद बाजूला ठेवला, अगदी हळुवार. "विवरणपत्रात व्हीडीएचं परिशिष्ट आहे. प्रत्येक विक्रीची वेगळी ओळ. कधी घेतलं, कधी विकलं, कितीला घेतलं, कितीला विकलं. शेवटचा रकाना उत्पन्नाचा. नफा असेल तर नफा लिहायचा."

"आणि तोटा असेल तर?"

"तिथे शून्य लिहा."

व्हीडीए म्हणजे आभासी डिजिटल मालमत्ता. १ फेब्रुवारी २०२२च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी तिच्यावर सरसकट ३० टक्के कर जाहीर केला. वजावट फक्त खरेदीच्या किमतीची. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातूनही वजा होत नाही, पुढच्या वर्षी नेता येत नाही. शेअरमधला तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो. आमचा तोटा जागच्या जागी मरतो. नाणं वर्षानुवर्षं सांभाळलं तरी दर तोच.

"लॉटरी आणि रेसच्या घोड्यांनाही ३० टक्केच," सीए म्हणाले. मला धीर देण्याचा त्यांचा हेतू असावा.

मग आम्ही एकसष्ट ओळी भरल्या. मी वाचायचं, त्यांच्या मदतनीस मुलीने टाइप करायचं. ओळीत तोटा आला की मी आवंढा गिळायचो आणि ती "शून्य" म्हणायची. चाळिसाव्या ओळीपासून ती माझा चेहरा बघूनच शून्य दाबायला लागली.

हिशेब झाला. १८ हजारांवर ३० टक्के ५,४००, वर चार टक्के उपकर २१६, एकूण ५,६१६. टीडीएसचे ४,२०० वजा जाता १,४१६. "दहाच्या पटीत करायचे," असं म्हणत त्यांनी आकडा वळवला: देय कर रु. १,४२०. एवढा समर्पक आकडा सरकारने आजवर मला कधी दिला नव्हता. सीएंची फी दोन हजार. "ही तरी नफ्यातून वजा होईल?" म्हणून विचारलं, तर त्यांनी एक पेढा माझ्यापुढे केला.

कर भरल्याच्या चलनाची प्रत शर्टाच्या खिशात राहिली आणि धुण्याआधी आईच्या हाती लागली. मग सगळं सांगावं लागलं. आई निफाडची, कांदा-द्राक्षाच्या घरातली.

"कुत्र्याच्या चित्रावर चाळीस हजार?" इथे ती बराच वेळ अडकली. मग म्हणाली, "पण कांद्यात गेलं ते द्राक्षात निघालं, असंच धरतात ना हिशेबात? बाबा तसंच धरायचे."

"इथे द्राक्षाचे पैसे मोजतात. कांद्याच्या जागी शून्य लिहितात."

"असा कसा हिशेब?" एवढंच बोलून तिने चलन डोळ्यांजवळ नेलं. शेतीवर आयकर नाही, त्यामुळे तिच्या माहेरी असला कागद कुणी पाहिलेला नव्हता. "म्हणजे ह्या कागदाप्रमाणे तुला नफा झाला?"

"हो. सरकारदरबारी अठरा हजारांची नोंद आहे."

"मग वेड्यासारखा उभा काय राहिलास?" ती उठली. "देवापुढे साखर ठेव."