‘निवासी’ म्हटलं की झालं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

‘रेसिडेन्शियल’ या इंग्रजी शब्दावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे. तिच्याखाली चार ओळी खरडून मोकळं होणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे वेगळं उत्तर. बाकीच्या वाचकांसाठी सरांचं म्हणणं थोडक्यात असं: ‘रेसिडेन्शियल’ या एका विशेषणावर अख्खा लेख म्हणजे पाल्हाळ. ‘निवासी’ असा अर्थ दिला की काम झालं. दहावीच्या पोरांना शब्दांची यादी लागते, आणि इंग्रजीच्या तासाला लाइटबिल नि सातबारा आणणं म्हणजे ना धड इंग्रजी, ना धड व्यवहार. शेवटी माझ्या उच्चाराबद्दल एक चिमटाही आहे, त्याकडे मी येतेच.

यादीला माझा विरोध नाही. फणस, होडी, जाळं, कालवं, यांची यादी करून पाठ केली तर कुठे काही अडत नाही. विशेषणाचं मात्र तसं नसतं. ते कोणत्या नामाच्या पुढ्यात उभं आहे त्यावर सगळं ठरतं. ‘रेसिडेन्शियल म्हणजे निवासी’ एवढंच पाठ केलेला मुलगा हमखास लिहितो, ‘आय ॲम रेसिडेन्शियल ऑफ दापोली’. त्याची तरी काय चूक? आपल्याकडे ‘रहिवासी’ हा एकच शब्द सगळीकडे खपतो. मी दापोलीचा रहिवासी, ही रहिवासी इमारत, तहसीलचा रहिवासी दाखला. इंग्रजीत त्याची वाटणी झाली आहे. माणूस तो रेसिडेंट, दाखला रेसिडेन्स सर्टिफिकेट आणि इमारत रेसिडेन्शियल. यादीत ही वाटणी दिसत नाही.

आणखी एक नमुना बघा. वर्गातल्या एका मुलीने निबंधात लिहिलं होतं, ‘अवर रेसिडेन्शियल होम इज इन गुहागर’. व्याकरण चोख, शब्दही दोन्ही बरोबर. पण इंग्लंडमधला माणूस हे वाचेल तेव्हा त्याला वाटेल की हे कुटुंब गुहागरला वृद्धाश्रम चालवतं, कारण तिकडे रेसिडेन्शियल होम म्हणजे म्हाताऱ्यांना सांभाळणारी संस्था. तसंच ‘रेसिडेन्शियल स्कूल’. आपल्या मुलांना ते ऐकून सावंतवाडीजवळच्या सांगेलीचं नवोदय आठवतं, परीक्षा देऊन सहावीला लागायचं आणि तिथेच राहायचं. घरात पेढे वाटण्यासारखी गोष्ट. हेच दोन शब्द कॅनडात उच्चारले तर समोरच्याचा चेहरा पडतो. तिथल्या मूळ रहिवाशांची सुमारे दीड लाख मुलं घरापासून तोडून, त्यांची भाषा बंद करून, ज्या शाळांत ठेवली गेली त्यांना तिकडे रेसिडेन्शियल स्कूल म्हणतात. त्याबद्दलच्या सत्यशोधन आयोगाचा अहवाल २०१५ साली आला. ‘निवासी शाळा’ हा अर्थ दोन्हीकडे बरोबरच आहे, सर. पुरेसा आहे का, एवढाच माझा प्रश्न.

आता लाइटबिल. तुम्हाला ते सगळ्यात जास्त खटकलेलं दिसतं, आणि मला सगळ्यात जास्त तेच सांगायचं आहे.

महावितरणच्या बिलावर ‘दर संकेत’ असं असतं आणि त्याच्यापुढे इंग्रजीत ‘एलटी वन रेस’ अशी काहीतरी अक्षरं. त्यातलं ‘रेस’ म्हणजे रेसिडेन्शियल. मी मुलांना घरून बिलं आणायला सांगितली होती. एका मुलाने आणलेलं बिल त्याच्या मुंबईच्या काकांच्या घराचं निघालं. घर त्याच्याच वाडीत, किल्ली याच्या आईकडे. गणपतीत उघडतं, शिमग्याला उघडतं, मे महिन्यात आंब्याला कोणी आलं तर आलं. एरवी कुलूप. वीज जळत नाही तरी स्थिर आकार येतो, तो याचे वडील भरतात आणि काकांकडून घेतात. त्या मुलाने विचारलं, ‘बाई, कोणी राहतच नाही, तर रेसिडेन्शियल कसं?’

कोकणातल्या वर्गातच पडावा असा हा प्रश्न आहे. त्याला उत्तर देताना अख्खा तास गेला आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. रेसिडेन्शियल हे विशेषण आत माणूस आहे की नाही ते सांगतच नाही. जागा कशासाठी आहे, एवढंच सांगतं. कुलूप लावलेलं घर रेसिडेन्शियलच असतं. समोरच्या लॉजमध्ये रोज रात्री माणसं झोपतात, पण त्याचं मीटर कमर्शियल. आत माणूस आहे का हे विचारायचं तर इंग्रजीत ‘ऑक्युपाइड’ आहे. राहण्याजोगं आहे का हे विचारायचं तर ‘हॅबिटेबल’. कौलं सरकली, वाशांना वाळवी लागली, पडवीचा चिरा सुटला, की घर हॅबिटेबल उरत नाही. बिलावरचं ‘रेस’ मात्र जिथल्या तिथे. गावात किंवा बेटावर वस्ती आहे का, त्याला ‘इनहॅबिटेड’. (इथे एक खड्डा आहे. ‘इनहॅबिटेबल’चा अर्थ राहण्याजोगं असाच होतो. सुरुवातीचा ‘इन’ नकाराचा नाही. नकारासाठी ‘अन’ लावावा लागतो. पोरं यात हटकून पडतात, मोठी माणसंही.) आणि वस्ती नसलेल्या गावाला तर आपल्याच महसुली दप्तरात काय झकास शब्द आहे, बेचिराग! जिथे दिवा लागत नाही ते गाव. ‘अनइनहॅबिटेड’ला याच्या जवळपास जाईल असा दुसरा प्रतिशब्द मला तरी सापडलेला नाही. यादीत ‘निर्जन’ लिहिलेलं असतं.

म्हणजे एका बंद घराच्या बिलावरून चार विशेषणं आली, आणि ती एकमेकांपासून वेगळी होऊन आली. ती पोरं आता ‘ऑक्युपाइड’च्या जागी ‘रेसिडेन्शियल’ लिहिणार नाहीत, निदान तो काकांचा पुतण्या तरी नाही.

सातबाऱ्याबद्दल. तुम्ही म्हणता तो व्यवहाराचा विषय, इंग्रजीचा नव्हे. पण मुंबई-गोवा महामार्गावरचे जमिनीचे बोर्ड इंग्रजीतच असतात की. ‘रेसिडेन्शियल एनए प्लॉट्स, सी टच’. यातलं ‘एनए’, म्हणजे नॉन-ॲग्रिकल्चरल, फक्त एवढंच म्हणतं की ही शेती नाही. अकृषिक वापर रहिवासाचा असतो, व्यापाराचा असतो, कारखान्याचा असतो. कोणता, ते ‘रेसिडेन्शियल’ सांगतं. आणि ‘एनए’ गाळून नुसतं ‘रेसिडेन्शियल प्लॉट’ लिहिलं असेल, आणि सातबारा वरकस (डोंगरउताराच्या हलक्या जमिनीचा) किंवा भातशेतीचा असेल, तर ते विशेषण विकणाऱ्याच्या मनातलं झालं, कागदावरचं नाही. १९४८च्या कूळकायद्याचं ६३वं कलम शेतकरी नसलेल्याला एरवी शेतजमीन घेऊच देत नाही. ‘सी टच’चं तर विचारूच नका. २०१९च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेप्रमाणे विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र आहे. ते ५० मीटरवर येतं ते २०११च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २,१६१पेक्षा जास्त माणसं असलेल्या दाट गावांतच, तेही किनारा आराखडा मंजूर झाल्यावर. मुलांना मी हे सगळं पाठ करायला लावत नाही. बोर्डावरचं विशेषण कोणी लिहिलं, बिल्डरने की तहसीलदाराने, एवढं विचारायला लावते.

एका मुद्द्यावर मात्र मी तुमच्या बाजूने आहे. ‘रेसिडेन्शियल एरिया’ हा पाठ्यपुस्तकी शब्दप्रयोग आपल्या गावांना बसत नाही, असं तुम्ही लिहिलंत ते खरंच. देशावर गावठाण एकीकडे, शेतं दुसरीकडे. आपल्याकडे वाड्या विखुरलेल्या. गुहागरचा खालचापाट किंवा वरचापाट घ्या. रस्त्याला तोंड करून घर, मागे आगर, नारळ-सुपारी थेट पुळणीपर्यंत, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूपर्यंत. यात राहण्याचा भाग कुठे संपतो आणि बागायत कुठे सुरू होते? ‘रेसिडेन्शियल एरिया’ म्हटलं की वाचणाऱ्याला ओळीने बंगले दिसतात, झाड दिसलंच तर कुंडीत. वाडीचं वर्णन करायचं तर ‘हॅम्लेट’ लिहा आणि आगर सविस्तर सांगा, असं मीही वर्गात सांगते.

लेखातलं बँकेच्या फॉर्मचं उदाहरण तुम्हाला ओढूनताणून वाटलं. गुहागर-दापोलीकडच्या, मर्चंट नेव्हीच्या बोटीवर जाणाऱ्या माणसाच्या घरी तो फॉर्म उघडून बघा. वर ‘रेसिडेन्शियल ॲड्रेस’ आणि खाली ‘रेसिडेन्शियल स्टेटस’. पत्ता गुहागरचा. स्टेटस मात्र ‘नॉन-रेसिडेंट’ असू शकतं, कारण तिथे माणूस भारतात किती दिवस राहिला याचा हिशेब चालतो. एकाच पानावर, एकाच माणसाबद्दल, तेच विशेषण एकदा घर विचारतं आणि एकदा दिवस मोजतं. त्या घरातली बारावीची मुलगी वडिलांचा फॉर्म भरत असते, सर. तिला ‘निवासी’ एवढ्यावर सोडून कसं चालेल?

राहता राहिला उच्चार. ‘स्वतःला तरी नीट म्हणता येतो का’ असं तुम्ही विचारलंत. शब्दकोशात ‘एस’चा उच्चार ‘झ’ दिलेला आहे आणि शेवट ‘शल’, म्हणजे ‘रेझिडेन्शल’. ‘रेझिडेंट’मध्ये जोर पहिल्या ‘रे’वर असतो. विशेषण झालं की तो सरकून ‘डेन’वर येतो, ‘प्रेझिडेन्शल’मध्ये येतो तसाच. मराठीत लिहिताना मी ‘रेसिडेन्शियल’च लिहिते, कारण बोर्डांवर तेच रुळलं आहे आणि लिहिताना कोणी जोर तपासत नाही. तोंडी परीक्षेला ‘रेझिडेन्शल’ म्हणा, असं मुलांना सांगून ठेवलं आहे.