"गावरानला रोग लागत नाही" म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

तो मेसेज परत फिरायला लागलाय. मोहोळ, मंगळवेढा, दक्षिण सोलापूर, जिथं जिथं दोन-चार पोरांनी शेड टाकलंय त्या प्रत्येक ग्रुपवर. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: गावरान कोंबडीला रोग लागत नाही, लस म्हणजे कंपन्यांची लूट आणि लसीनंच मर येते, हळद-लसणाचं पाणी दिलं की बास, रोग हवेतनं येतो त्यामुळं चप्पल बदला नि गेट लावा हे मोठ्या फार्मवाल्यांचं नाटक, आणि एवढं करून मर लागलीच तर दवाखान्यात कळवू नका, सरकार सगळ्या मारून टाकतं, गुपचूप बाजारात काढा. खाली हात जोडलेले नि "शेतकरी हितासाठी शेअर करा".

शेअर करणाऱ्यांवर राग नाही, पण यातला शेवटचा सल्ला एकानं जरी पाळला तरी आजूबाजूची दहा शेडं बसतील, म्हणून लिहितोय.

गावरानला रोग लागत नाही

हे कुठनं आलं ते कळतं. गावरान कोंबडी ऊन सोसते, उकिरड्यावर उकरून पोट भरते, खुडूक बसून स्वतःची पिल्लं स्वतः काढते, ब्रॉयलरसारखी नाजूक नसते. सगळं खरंय. पण ऊन सोसणं वेगळं नि मानमोडी सोसणं वेगळं. मानमोडी म्हणजे राणीखेतच, हिरवी पातळ हगवण, पंख लोंबतात, चोच उघडून श्वास, आणि शेवटी मान पिळून पाठीवर जाते. हा रोग आपल्या देशात उत्तराखंडातल्या राणीखेतला नोंदला गेला तो १९२० च्या दशकात, तेव्हा कुठला ब्रॉयलर नि कुठली कंपनी, तेव्हा मेल्या त्या देशीच कोंबड्या की. आजही मोकळ्या फिरणाऱ्या गावरानातच थंडी सरून ऊन लागायला लागलं की गल्लीच्या गल्ली साफ होते, घरातल्या म्हातारीला विचारा, ती सांगेल खुराडी कशी रिकामी व्हायची. मागं उरलेल्या दोन चिवट कोंबड्या सगळ्यांना दिसतात, उकिरड्यात गेलेल्या कोण मोजतो.

आणि एक. आज "गावरान" म्हणून आपण जे पाळतोय त्यातलं बरंचसं गिरिराज, वनराज, कावेरी असलं सुधारित वाण आहे, शेडमध्ये दाटीनं ठेवलेलं, वर त्याच शेडात आठवड्याची पिल्लं, तीन महिन्यांचे नर नि जुन्या अंड्यावरच्या माद्या सगळं एकत्र. मोठ्या पक्ष्यात दबून राहिलेला रोग लहानात फुटतो. त्यामुळं वयाप्रमाणं वेगळं ठेवा, आणि कामाला जाताना आधी पिल्लं मग मोठे, उलटं नाही.

लसीनंच मर येते

हा मुद्दा जरा नीट बघू कारण यात लोकांनी डोळ्यांनी बघितलेलं असतं, लस दिली आणि तिसऱ्या दिवशी मर सुरू झाली, मग माणूस लसीलाच शिव्या देणार.

होतं काय, शेजारच्या वस्तीवर मर लागली की आपण पळत जाऊन लस आणतो. तोवर रोग आपल्या शेडात शिरलेला असतो, फक्त दिसत नसतो. लासोटा, म्हणजे राणीखेतची लस, दिल्यावर अंगात ताकद तयार व्हायला आठवडा-दहा दिवस जातात, आधीच लागण झालेला पक्षी ती लस वाचवत नाही. लासोटा जिवंत लस आहे, दिल्यावर दोन-तीन दिवस शिंका, थोडी सुस्ती हे होणारच, निरोगी पक्षी त्यातनं आपोआप निघतो, पण आधीच आजारी, जंतानं खंगलेला, उन्हानं बेजार झालेला पक्षी असेल तर तो बसतो. म्हणून आजारी बॅचला लस नाही, आणि सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी तर अजिबात नाही, पहाटे नाहीतर दिवस मावळल्यावर.

दुसरं, ती लस जिवंत राहिलेली असते का? लसीला २ ते ८ डिग्री लागतं. आपला गडी सोलापुरात दुकानातनं बाटली घेतो, शर्टाच्या खिशात टाकतो, स्टँडवर चहा पितो, एसटीत बसतो, बाहेर बेचाळीस डिग्री. गावात पोचेपर्यंत बाटलीत लस नाही, नुसतं पाणी राहिलं. मग ते पाणी डोळ्यात घाला नाहीतर प्यायला द्या, फरक शून्य, आणि महिन्यानं मर लागली की "लस देऊन पण मेल्या". थर्मासमध्ये बर्फ घालून आणा, एवढंच आहे ओ. कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवायची, उरलेली फ्रीजमध्ये ठेवून उद्या वापरायची नाही.

पाण्यातनं देणार असाल तर त्यात टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, नको, त्यातलं क्लोरीन लसीला मारतं. नळाचं पाणी असेल तर अजिबात घेऊ नका, बोअरचं घ्या, त्यात दूध पावडर लिटरला ५-६ ग्रॅम टाका, आधी तास-दोन तास पाणी तोडा म्हणजे सगळे एकदम पितात. डोळ्यात थेंब देताना घाई करू नका, पिल्लू आडवं धरायचं, एक थेंब, ते डोळा मिचकावून आत ओढून घेतं तेवढं थांबायचं, मग सोडायचं. चार माणसं लावून धडाधड थेंब टाकत गेलात तर अर्धे थेंब पिसावर.

साधारण वेळापत्रक असं: ५ ते ७ व्या दिवशी लासोटा, १४ व्या दिवसाच्या आसपास गंबोरोची (पिल्लांची रोगाशी लढायची ताकदच मारणारा व्हायरस), चौथ्या आठवड्यात लासोटा परत, ६-८ आठवड्यांत देवीची पंखात, आणि ८ आठवड्यांनंतर आरटूबी, ही पण राणीखेतचीच लस, टोचून. मरेक्सची (पाय लुळे पाडणारा रोग) लस पहिल्याच दिवशी हॅचरीत झालेली पाहिजे, पिल्लं घेताना विचारा. तुमच्या भागात काय चाललंय त्याप्रमाणं डॉक्टर थोडं पुढंमागं करतील.

"कंपन्यांची लूट" म्हणाल तर राणीखेतची लस आपलं सरकारच पुण्यात औंधला बनवतं, पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. अडचण खरी वेगळीच आहे, बाटली शंभर-दोनशे डोसाची आणि आपल्याकडं पक्षी चाळीस. तर वस्तीवरच्या चार घरांनी एक दिवस ठरवून एकच बाटली फोडा, डोसाचा खर्च अंड्याच्या किमतीपेक्षा कमी पडतो. फक्त लस देणाऱ्यानं एका घरनं दुसऱ्या घरी जाताना हात धुवायचे नि चप्पल तिथली घालायची, नाहीतर लसीबरोबर दुसरंच काहीतरी घरोघर वाटून यायचा.

हळद-लसणाचं पाणी

द्या की. कोण नको म्हणतंय. पण त्यानं राणीखेतही थांबत नाही नि गंबोरोही नाही. आणि उन्हाळ्यात वास मारणारं पाणी कोंबडी कमी पिते, सोलापूरच्या उन्हात पाणी कमी पडणं म्हणजे वेगळीच मर. मे महिन्यात दुपारी दोन ते पाचमध्ये वजनानं सगळ्यात भारी पक्षी धापा टाकत मेले तर बऱ्याचदा तो रोग नसतो, ऊन असतं, तिथं छपरावर पाचट टाकून भिजवणं, कडेला ओली पोती नि गार पाणी हे औषध.

यालाच जोडून एक, मेसेजमध्ये नाही पण ग्रुपवर खाली कमेंटमध्ये असतं, "पाण्यातनं अँटिबायोटिक सोडा". व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही. कोलिस्टिन तर २०१९ पासून खाण्याच्या जनावरा-पक्ष्यांत वापरायलाच बंदी आहे कारण माणसाच्या दवाखान्यात ते शेवटचं औषध म्हणून राखून ठेवलंय. अजून कुणी जुना डबा काढून देत असेल तर घेऊ नका.

रोग हवेतनं येतो, गेट-चप्पल सगळं नाटक

माझ्या मते पूर्ण मेसेजातली सगळ्यात महागात पडणारी ओळ हीच आहे. थोड्या अंतरावर हवेतनं पसरतो, खरंय. पण गावाच्या या टोकाचा रोग त्या टोकाला जातो तो बहुतेक वेळा माणसाच्या पायानं, हातानं नि गाडीनं. विष्ठेत व्हायरस असतो, ती चपलेच्या खाचेत बसते, आणि चप्पल शेडात येते.

आता आपल्या शेडात कोण कोण येतं बघा. व्यापारी. आखाडात तर दिवसाला दोन-दोन येतात, आधी कुठल्या शेडातनं आलेत देव जाणे, गाडीवर पिंजरे, पिंजऱ्यात वाळलेली घाण, तो सरळ आत येतो, पक्षी हातात घेऊन छाती दाबून बघतो, भाव पटत नाही, पक्षी परत सोडतो नि जातो. शंभर रुपयाचा सौदा झाला नाही पण रोग ठेवून गेला. मग अंड्याचे कागदी ट्रे, दुकानातनं परत आलेले. खाद्याची दुसऱ्याकडनं आणलेली रिकामी पोती. उसना आणलेला वजनकाटा. आणि घरातलाच पोरगा, जो सांगोल्याच्या बाजारात गेला, दोन देखणे कोंबडे दिसले म्हणून घेऊन आला नि संध्याकाळी आपल्या कोंबड्यांत सोडून मोकळा झाला.

यातलं एकही हवेतनं आलेलं नाही.

करायचं काय, तर खर्चाचं काही नाही. दारात गुडघ्याएवढी विटांची आडवी भिंत घाला. बाहेरची चप्पल अलीकडं काढायची, बसून पाय पलीकडं टाकायचे नि शेडची चप्पल घालायची, ती चप्पल शेडाबाहेर जाणार नाही म्हणजे नाही, पाहुणा असो नाहीतर सरपंच. औषधाचं टोपलं दारात ठेवत असाल तर चांगलं पण त्यात आठवड्याचं गढूळ पाणी असेल तर ते फक्त पाय ओले करायचं टोपलं आहे. आधी ब्रशनं चिखल-विष्ठा काढायची मग पाय बुडवायचा, आणि पाणी रोज बदलायचं, घाण मिसळली की औषध मरतं. व्यापाऱ्याला गेटावर थांबवा, पक्षी तुम्ही बाहेर आणून द्या, परत आत घेऊ नका. ट्रे प्लॅस्टिकचे घ्या, धुवून वाळवता येतात. बाजारातनं आणलेला पक्षी तीन आठवडे लांब वेगळा, त्याचं पाणी-खाद्य सगळ्यात शेवटी.

चिमण्या, कावळे, उंदीर यांना जाळी. आणि ज्यांची वस्ती हिप्परग्याच्या तलावाजवळ किंवा उजनीच्या पाण्याकडंला आहे त्यांनी जास्त जपा, हिवाळ्यात बाहेरनं येणाऱ्या बदकांत बर्ड फ्लूचा व्हायरस असू शकतो, बदक धडधाकट दिसतं नि पाण्यात विष्ठा टाकतं. तसलं उघडं पाणी तसंच पाजू नका, टाकीला झाकण, हजार लिटरला साधारण ६ ग्रॅम ब्लिचिंग पावडर, लसीच्या आदल्या दिवसापासनं मात्र बंद.

बॅच गेली की लगेच दुसरी पिल्लं आणायची घाई असते. गंबोरोचा व्हायरस रिकाम्या शेडात महिनोनमहिने टिकतो. खाली अंथरलेलं तूस पूर्ण बाहेर काढा, लांब नेऊन टाका, जमीन घासून धुवा, वाळवा, चुना मारा, शेड दोन आठवडे तरी रिकामं. धुण्याआधीच औषध फवारणारे लोक बघितलेत मी, शेणावर अत्तर. रक्ती हगवणीचा तर मामला तुसाच्या ओलीचा आहे, ड्रिंकरखालचं तूस मुठीत दाबून बघा, गोळा झाला तर तेवढं काढून फेका नि नवीन टाका, बाकीचं रोज उलथा.

मर लागली की गुपचूप विका

आजारी पक्षी बाजारात गेला की तिथनं तो दहा गावांत जातो, आणि पुढच्या महिन्यात व्यापाऱ्याच्या पिंजऱ्यातनं तुमच्याच शेडात परत येतो.

"सरकार सगळ्या मारतं" हे अर्धवट आहे. राणीखेत, गंबोरो निघाला म्हणून कुणी येऊन पक्षी मारत नाही. मारतात ते बर्ड फ्लू पक्का झाल्यावर, भोपाळच्या लॅबचा रिपोर्ट आल्यावर, साधारण एक किलोमीटरच्या आतले, आणि १० किलोमीटरपर्यंत देखरेख. नवापूरला २००६ मध्ये पहिल्यांदा हे झालं, पुढं २०२१ ला परभणीत, आणि २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे मेले त्यातही हाच निघाला, म्हणजे आपल्यापासनं काही लांब नाही. आता हिशोबाची गोष्ट ऐका: भरपाई मिळते ती सरकारनं मारलेल्या पक्ष्यांची. आधीच मरून गेलेल्यांची मिळत नाही. म्हणजे जितकं लपवाल तितकी भरपाई कमी.

आणि खाणाऱ्यांनी घाबरायचं काम नाही, ७० डिग्रीला नीट शिजलं की व्हायरस मरतो, आपला रस्सा त्याच्या वरच उकळतो. धोका आहे तो आजारी पक्षी उघड्या हातानं कापणाऱ्याला.

मेलेले पक्षी कॅनॉलला नि रस्त्याकडंला टाकू नका, कुत्री-कावळे तेच पुढं नेतात, खोल खड्डा, चुना, वर माती. आणि शेडात एक वही टांगा, रोज किती मेल्या तेवढंच लिहायचं. रोज एखादी जात असेल आणि अचानक चार-पाच गेल्या, किंवा तुरा निळा, डोकं सुजलेलं दिसलं, की दवाखान्याला फोन, नाहीतर १९६२ या हेल्पलाइन नंबरला. आधी फोन, मग पक्षी, मेलेला पक्षी घेऊन गावभर फिरायचं नाही. शवविच्छेदनाला मागितला तर ताजा मेलेला द्या, दोन पिशव्यांत बांधून, बाहेरनं बर्फ लावून. फ्रीजरमध्ये गोठवू नका, डॉक्टरला आत काही वाचता येत नाही.