'द कुलकर्णी'

पतसंस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस. पाकिटावर छापलेलं नाव: 'द कुलकर्णी'. द! बहुतेक लंडनहून येणार आहेत सभेला.

यादीत 'श्री शरद कुलकर्णी' असं धडधडीत लिहिलेलं होतं. पाकिटावर 'श्री.' आधीच छापलेलं असतं, म्हणून नावातलं काढायचं. एवढंच काम. त्यासाठी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं चार ओळींचं फंक्शन, कधीच नोकरी सोडून गेलेल्या कुणा महाभागानं लिहिलेलं, आणि वर कॉमेंट: 'सिंपल आहे, हात लावू नये'. नाही लावला बाबा. तीन वर्षं नाही लावला.

काल उघडलं. आत एलस्ट्रिप, म्हणजे मजकुराच्या सुरुवातीचं काढून टाकणारी आज्ञा, कंसात 'श्री' आणि एक स्पेस. वाचताना कुणालाही वाटेल की सुरुवातीचं 'श्री' काढतंय. मलाही वाटलं. पण ते बेणं कंसातल्याला शब्द मानतच नाही, सुट्ट्या अक्षरांची पिशवी मानतं. श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, स्पेस, यातलं काहीही समोर आलं की खायचं, पिशवीबाहेरचं येईपर्यंत खातच सुटायचं. शरदचा श खाल्ला, र खाल्ला, द आला म्हणून थांबलं. रमेशचा मेश झाला, रवीचा वी. 'सौ.'साठी खाली तसलीच ओळ. सुनीताचा स गिळला आणि उकार तेवढा उरला, छपाईत टिंबाटिंबांच्या गोलाला लोंबकळत. श्रीमती मंगल झाल्या 'मती मंगल'. (त्यांनी तक्रार केली नाही.)

आणि टेस्टिंगला नावं कोणती घेतली होती? गणेश, अनिल, मंगल. सगळी पास! होणारच ना, त्यांच्या सुरुवातीला पिशवीतलं अक्षरच नाही.

शेजारचा पोरगा म्हणाला, "सर, रिप्लेस मारा की." मारलं, म्हणजे 'श्री' दिसेल तिथून उडवलं. जयश्रीताईंचं 'जय' झालं, भाग्यश्रीचं नुसतं 'भाग्य'.

बरं, या खड्ड्यात जगभरातले लोक पडत होते म्हणून तर 2020 साली पायथन 3.9 मध्ये रिमूव्हप्रीफिक्स आणलं, कंसातलं अख्खंच्या अख्खं सुरुवातीला असेल तरच काढणारं. आमच्या सर्व्हरवर 3.6. अपग्रेड करू म्हटलं तर साहेब म्हणतात, "चालतंय ना?" चालतंय! द कुलकर्णींना विचारा.

मग नाव 'श्री'नं सुरू होतंय का हे स्टार्ट्सविथनं तपासून सुरुवातीचं तेवढं कापायचं ठरवलं. रात्री साडेदहाला, डोळे चोळत, किती कापायचं तिथे 1 लिहिलं. 'श्री' म्हणजे एक अक्षर, बालवाडीपासून माहीत आहे! यंत्राच्या लेखी ती चार आहेत. आता मोजायचं काम यंत्रालाच दिलंय. शिवाय 'श्री'नंतर स्पेस किंवा टिंब असेल तरच काप असं बजावलंय, नाहीतर श्रीकांतचा कांत व्हायचा. दोनदोन स्पेस आधी काढून टाकल्या. चारच्या अकरा ओळी झाल्या, आणि टाइमशीटवर साहेबांचा शेरा: "एका ओळीच्या कामाला दोन दिवस?"

आज सकाळी यादीत सापडलंय 'श्रीराम पाटील'. हे श्रीराम आहेत, की कुणी घाईत स्पेस न देता टाइप केलेले श्री. राम पाटील? पतसंस्थेत फोन लावलाय. पलीकडून बाई म्हणाल्या, "तुमच्या कॉम्प्युटरला कळत नाही का?"